सामनेवाले गैरहजर

कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला रोजनामा असतो. कोण हजर, कोण गैरहजर, कोणता अर्ज आला, काय हुकूम झाला, पुढची तारीख कोणती, एवढेच त्यात लिहितात. पण घटस्फोटाच्या, पोटगीच्या किंवा मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात कधी कधी हा रोजनामाच सगळी गोष्ट सांगून जातो. ‘अर्जदार हजर. सामनेवाले गैरहजर. समुपदेशनासाठी पुढील तारीख.’ महिन्याभराने पुन्हा त्याच तीन ओळी, त्याच्या पुढच्या महिन्यातही त्याच. कामावर खाडा करून, लेकरू शेजारणीकडे ठेवून आलेली बाई विवाह समुपदेशकाच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून राहते, दुपारी पुढची तारीख घेते आणि परतीची एसटी धरते. कोल्हापुरात काय किंवा सांगली-सोलापुरात काय, अशा बाईला किंवा अशा पुरुषाला विचारले तर एकच उत्तर मिळते: ‘समोरचा आल्याशिवाय आणि मध्यस्थी झाल्याशिवाय केस पुढे जात नाही.’ हा समज इतका पक्का आहे, की समोरच्या पक्षालाही तो ठाऊक असतो आणि न येण्याचा फायदा त्याला बरोबर कळतो. माझे म्हणणे असे, की हा समज कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. समेटाचा प्रयत्न करण्याची सक्ती कायद्याने न्यायालयावर केली आहे. आपण तिचे ओझे नेमके त्या माणसाच्या डोक्यावर ठेवतो, जो प्रत्येक तारखेला येतो.

आधी कायद्याचे शब्द पाहू. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरासाठी असे न्यायालय स्थापणे बंधनकारक, बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटेल तिथे. कोल्हापूरचे न्यायालय या दुसऱ्या वर्गातले. कायद्याचे कलम ९ सांगते, की प्रत्येक दाव्यात सुरुवातीलाच पक्षकारांना तडजोडीसाठी साहाय्य करणे आणि त्यांचे मन वळवणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, आणि तेही प्रकरणाचे स्वरूप व परिस्थिती पाहून शक्य असेल तिथे. या वाक्याचा कर्ता न्यायालय आहे. अर्जदाराने समोरच्याला घेऊन यावे, तोवर थांबावे, असे त्यात नाही. त्याच कलमाचे पुढचे पोटकलम तर अधिक बोलके आहे: तडजोडीची वाजवी शक्यता दिसत असेल तर न्यायालय काही काळ कामकाज तहकूब ठेवू शकते. म्हणजे तहकुबीला अट आहे, वाजवी शक्यतेची. समन्स मिळूनही जो माणूस दालनाची पायरी चढत नाही, त्याच्या बाबतीत ही शक्यता कुठून आणायची? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये १९७६ साली जी भर घातली गेली, ती तर समेटासाठी द्यायच्या तहकुबीची कमाल मर्यादाच सांगते: पंधरा दिवस. आणि त्याच वर्षी आलेले कलम २१-ब म्हणते, की असा दावा नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. पंधरा दिवस आणि सहा महिने हे आकडे आज वाचले, की आपण त्या कायद्यापासून किती लांब आलो ते कळते.

मग कोर्ट गैरहजर माणसाला आणूच शकत नाही का? शकते, आणि इथे सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बरीच कडक आहे. २००७ च्या एका निकालात परदेशी असलेला पती समेटाच्या बैठकीला येईना, म्हणून पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढले होते; सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. २०१० च्या ॲफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली लवादाकडे पाठवायला दोघांची संमती लागते, पण मध्यस्थीकडे पाठवायला लागत नाही. आणि वैवाहिक वाद मध्यस्थीला योग्य अशा वादांत गणले. एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सक्ती आहेच की. पण २२ फेब्रुवारी २०१३ चा निकाल याच्या शेजारी ठेवून वाचायला हवा. कौटुंबिक न्यायालयांनी मध्यस्थीचा आटोकाट प्रयत्न करावा असे सांगतानाच सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले, की समुपदेशकाने अपयशाचा अहवाल दिल्यानंतरही प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवता येईल, मात्र पक्षकारांच्या संमतीने, आणि केंद्राला वाजवी मुदत घालून देऊन, कारण नाहीतर मूळ निकालच लांबेल. तिन्ही निकाल एकत्र वाचले तर रेषा स्वच्छ दिसते. एकदा येऊन बसा, ही सक्ती करता येते. बसल्यावर बोला आणि पटवून घ्या, ही करता येत नाही. आणि एकाने तोंड फिरवले म्हणून दुसऱ्याला ताटकळत ठेवायला तर कुठलाच आधार नाही.

नकार का येतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. कोल्हापूर भागात नवरा-बायकोचे बिनसले, की कोर्टाच्या कितीतरी आधी पाहुण्यांची बैठक बसते. दोन्हीकडचे पै-पाहुणे, गावातले एखाददुसरे वजनदार माणूस, चहाचे कप फिरतात आणि बोलणे एकाच दिशेने सरकते: पोरीला नांदायला धाडा, आता मिटवून टाका. मोडायचे असले तरी चारचौघांसमोर. अशा दोन-तीन बैठकांतून पोळून निघालेल्या माणसाला कोर्टातली मध्यस्थी म्हणजे त्याच बैठकीची सरकारी आवृत्ती वाटते. हा गैरसमज आहे, पण त्याला कायद्याच्या भाषेनेही हातभार लावला आहे. हिंदू विवाह कायदा बोलतो तो समेटाबद्दल, म्हणजे संसार पुन्हा जुळवण्याबद्दल. १९८४ चा कायदा बोलतो तो वादाच्या विषयावर तडजोड घडवण्याबद्दल. नांदायचे नाही हे दोघांना मान्य असूनही मुलगा दिवाळीची सुट्टी कुणाकडे घालवेल, शाळेची फी कोण भरेल, स्त्रीधनाची भांडी-दागिने कधी परत मिळतील, यावर तडजोड होऊ शकते, आणि वेगळे झालेल्या जोडप्यांत मध्यस्थीचे खरे काम तेवढेच असते. समन्सबरोबर हे चार ओळींत मराठीत कळवले, की तुम्हाला नांदायला बोलावलेले नाही, तर काही नकार तिथेच गळून पडतील. नकार देणारा प्रत्येक जण खोडसाळ नसतो. पुष्कळ जण नुसते धास्तावलेले असतात.

खोडसाळांची गोष्ट निराळी. त्यांचा नकार कधी नकार म्हणून येतच नाही. तो बेलिफाच्या अहवालातून येतो. समन्स घेऊन बेलीफ दारात जातो. घराला कुलूप, किंवा आत माणसे असून ‘तो इथं राहत नाही’ हे उत्तर, किंवा आईने दारातूनच सांगितलेले ‘कामाला मुंबईला गेलाय’. बेलीफ शेजाऱ्याची सही मिळाली तर घेतो, समन्सच्या पाठीवर शेरा मारतो आणि कागद कोर्टात परत येतो. ताकास तूर लागू द्यायची नाही, हा इथला सरळ हिशेब. खरे तर दिवाणी प्रक्रिया संहितेने यावर उपाय लिहून ठेवला आहे. घ्यायला नकार दिला किंवा माणूस सापडला नाही तर समन्सची प्रत दाराबाहेर चिकटवता येते; टाळाटाळ दिसली तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देता येते; आणि बजावणी पूर्ण झाल्यावरही कोणी आले नाही तर एकतर्फी सुनावणी चालवता येते. हा सगळा रस्ता कौटुंबिक प्रकरणातही खुला आहे. अडचण होते ती बजावणीनंतर. साध्या दिवाणी दाव्यात जिथे ‘एकतर्फी चालवावे’ असा हुकूम होतो, तिथे कौटुंबिक प्रकरणात ‘समुपदेशनासाठी आणखी एक संधी’ मिळते. हेतू चांगला असतो, पण त्या एका संधीच्या चार होतात आणि प्रकरणाचे भिजत घोंगडे पडते.

या घोंगड्याखाली कोण दबते? परस्पर संमतीने घटस्फोटाचा मार्ग मुळातच दोघांच्या संमतीवर उभा असतो, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ती संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे. मधेच एकाने काढून घेतली तर मार्ग बंद. म्हणजे न बोलणाऱ्या जोडीदारासमोर उरतो तो क्रूरता, परित्याग असे कारण सिद्ध करून लढायचा दावा, साक्षीपुराव्यांसह. तो जितका उशिरा सुरू होतो तितके पुरावे शिळे होतात, साक्षीदार गाव सोडतात. पोटगीचे तर विचारूच नका. २०२० मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनीही आपल्या मिळकतीचे व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी आणि अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे सांगितले. पण तो अर्ज मध्यस्थीच्या अहवालाची वाट पाहत फायलीत पडून राहिला, तर त्या दिशादर्शनाचा उपयोग काय? सर्वांत जास्त किंमत मुले देतात. सात वर्षांच्या मुलीने सहा महिने वडिलांना पाहिले नाही, तर सातव्या महिन्यात ती त्यांच्याकडे जायला बिचकते, आणि मग ‘मुलीचीच इच्छा नाही’ हा मुद्दा समोरच्याच्या हाती आपोआप येतो. म्हणून माझ्या मते पहिली दुरुस्ती अगदी साधी आहे: अंतरिम पोटगी आणि मुलाची भेट हे दोन अर्ज मध्यस्थीच्या रांगेत उभेच करू नयेत. मध्यस्थी चालू असतानाही त्यांवर हुकूम करायला कलम ९ ने कुठेही मनाई केलेली नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप वेगळ्या बाजूने येतो, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ज्या बाईने मार खाल्ला आहे, तिने त्याच माणसासमोर टेबलाला टेबल लावून का बसावे? तिचा नकार हा हट्ट नसतो, ते तिचे संरक्षण असते. छळ ही मिटवायची बाब नाही, हे कोल्हापूरला तरी नवे नसावे. शाहू महाराजांच्या संस्थानात १९१९ सालीच स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा झाला होता. आजच्या कायद्यातही याची दखल आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याखालच्या नियमांनुसार समुपदेशनात छळाचे समर्थन करण्याची मुभा सामनेवाल्याला नाही आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची असते. ‘प्रकरणाचे स्वरूप व परिस्थिती पाहून’ हे कलम ९ मधले शब्दही याचसाठी आहेत. तेव्हा गैरहजेरीवर कडक व्हा म्हणताना मी हेही म्हणतो, की भीतीपोटी न येणाऱ्याला ते सांगण्याची सोपी सोय हवी: एक पानी अर्ज, समुपदेशकाशी स्वतंत्र भेट, हवे तर वेगळ्या दिवशी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून कोर्टात जाण्याआधी अर्जदाराला मध्यस्थीची माहिती देणाऱ्या बैठकीला जावे लागते, पण ती बैठक एकट्यानेही घेता येते आणि घरगुती अत्याचाराचा पुरावा असेल तर तिच्यातून सूट आहे. समोरच्याने यायचे नाकारले म्हणून अर्जदाराचा रस्ता तिथे अडत नाही. आपल्याकडे विवाह समुपदेशक दोघांना आधी वेगवेगळे भेटू शकतात. ही भेट सवडीची बाब न राहता नेमाची व्हायला हवी, कारण कोण घाबरले आहे आणि कोण वेळ काढतो आहे हे एकत्र बैठकीत कळत नाही. एकट्याने बोलताना बहुधा कळते.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा. जो येत नाही त्याला दंड करा, त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढा, म्हणजे सुतासारखा सरळ येईल. यात मला धोका दिसतो. मध्यस्थीचा सगळा भरवसा गोपनीयतेवर उभा आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की मध्यस्थी फसली तर मध्यस्थाने कोर्टाला फक्त फसली एवढेच कळवावे. कोण काय बोलले, कोणी काय देऊ केले, यातले काहीही अहवालात येऊ नये. आत बसून गप्प राहिलेल्या माणसाला शिक्षा करायची तर मध्यस्थालाच त्याच्याविरुद्ध साक्षीदार व्हावे लागेल, आणि मग त्या दालनात खरे कोणीच बोलणार नाही. गैरहजेरी मात्र गोपनीय नसते. ती दाराबाहेरची, हजेरीपटावरची गोष्ट आहे. ती मध्यस्थाने सांगायचीही गरज नाही; रोजनाम्यात ती लिहिलेलीच असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५-ब तारखा लांबवणाऱ्या पक्षकारावर खर्च बसवण्याचा अधिकार न्यायालयाला देते, आणि तो खर्च भरल्याशिवाय त्याला आपली बाजू पुढे चालवता येत नाही. विनाकारण न आलेल्याने, आलेल्या माणसाचे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज भरून द्यावा, यात कोणाच्याही गोपनीयतेला धक्का लागत नाही.

मध्यस्थीची सक्ती किती करायची, हा पेच संसदेतही सुटायचा होता. २०२१ च्या मध्यस्थी विधेयकात दिवाणी दावा दाखल करण्याआधी मध्यस्थी सक्तीची होती आणि दोन बैठकांनंतर बाहेर पडण्याची मोकळीक होती. संसदीय स्थायी समितीने सक्तीला हरकत घेतली. २०२३ साली कायदा झाला तेव्हा दाव्याआधीची मध्यस्थी ऐच्छिक ठरली. दावा दाखल झाल्यावर कोणत्याही टप्प्यावर पाठवण्याचा न्यायालयाचा अधिकार मात्र शिल्लक राहिला. दुसरीकडे व्यापारी वादांत २०१८ पासून दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालाने ती पक्की केली. तरी तिथे नकार देणाऱ्याने कोणाचे काही अडत नाही. नोटिसांना उत्तर आले नाही किंवा नकार आला, की विधी सेवा प्राधिकरण ‘नॉन-स्टार्टर’ अहवाल देते आणि तो कागद जोडून दुसरा पक्ष दावा दाखल करतो. ऑस्ट्रेलियात मुलांच्या प्रकरणांसाठी २००६ च्या दुरुस्तीनंतर अशीच दाखल्याची पद्धत आहे, आणि दाखल्याचे प्रकारही वेगवेगळे: समोरचा आलाच नाही, दोघे आले व मनापासून प्रयत्न केला, आले पण प्रयत्न केला नाही, किंवा हे प्रकरण मध्यस्थीला योग्यच नव्हते. दोन कंपन्यांच्या भांडणात ज्या माणसाला एका कागदावर मोकळे केले जाते, त्यालाच पोटच्या मुलाच्या प्रश्नावर तारखांमागून तारखा का घ्याव्या लागाव्यात, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. कौटुंबिक न्यायालयात असा दाखला देण्यासाठी नवा कायदाही लागत नाही. बजावणी झाल्यावर दोन तारखा; दोन्हीला सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास ‘तडजोडीची वाजवी शक्यता नाही’ अशी कलम ९ च्याच शब्दांत रोजनाम्यात नोंद; आणि त्याच दिवशी मुद्दे काढून पुराव्याची तारीख. न्यायाधीशांना हे आजच्या अधिकारातच करता येते.

अर्जदारानेही मागायला शिकले पाहिजे. रोजनाम्याची नक्कल अर्ज करून मिळते, आणि पाच तारखांची गैरहजेरी दाखवणारी ती नक्कल तोंडी तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त बोलते. वकील परवडत नसेल तर स्त्रीला उत्पन्नाची अट न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम हुकमावर कलम १९ खाली अपील नाही, त्यामुळे प्रकरण नुसते लांबत राहिले तर उच्च न्यायालयात रिट करावी लागते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठायची, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचाच तो मार्ग होता. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ते अंतर एकदम तुटले. तारखांत अडकलेल्या बायकांना याचा लाभ व्हायचा असेल तर असा अर्ज करता येतो हे आधी त्यांना कळले पाहिजे.

राहिला शेवटचा आक्षेप. दोन तारखांत हात झटकले तर कौटुंबिक न्यायालय आणि साधे दिवाणी कोर्ट यांत फरक काय उरला, टाळी एका हाताने वाजत नाही म्हणून लगेच लढाईच सुरू करायची का? हा प्रश्न विचारणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण मध्यस्थीची वेळ फक्त सुरुवातीलाच असते, हे यामागचे गृहीत बरोबर नाही. कलम ९ चे दुसरे पोटकलम ‘कोणत्याही टप्प्यावर’ असेच म्हणते, आणि २०२३ चा कायदाही तेच सांगतो. सुरुवातीला न येणाऱ्याचा हिशेब असतो, की वेळ आपल्या बाजूने आहे. अंतरिम पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू झाली, मुलाच्या भेटीचा वार ठरला, पुराव्याची तारीख लागली, की तो हिशेब उलटतो. उलटतपासणीला उभे राहण्याच्या आदल्या आठवड्यात आलेला तडजोडीचा प्रस्तावही प्रस्तावच असतो, आणि तेव्हा दोघेही काय मिळेल, काय जाईल हे पाहून बोलत असतात. समुपदेशकाचे दालन त्या दिवशीही उघडे असते. फरक एवढाच, की बाहेरच्या बाकावर आता दोन माणसे बसलेली असतात.